शुगर असली तरी गूळ चालतो? नाही चालत

आमच्या सांगलीत मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा येतात, त्यामुळं घरोघरी एकच ऐकायला मिळतं, शुगर असली तरी गूळ चालतोय, साखर तेवढी बंद करा. अहो नाही चालत! दोन्ही उसाच्याच रसाचे, गुळातपण बहुतेक सुक्रोजच, म्हणजे साखरेत असतो तोच गोड घटक, 10 ग्रॅम साखरेत 40 कॅलरी तर गुळात 38 च्या आसपास आणि फायबर दोन्हीत नसल्यातच जमा. लोह थोडं असतं खरं, पण चहातल्या खड्यातून कितीसं मिळणार? माझी आई बिनधास्त गुळाचा चहा प्यायची, रिपोर्ट हातात आला तेव्हा डोळे उघडले. आता तिच्या ताटात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी असते, त्यातल्या फायबरमुळं साखर रक्तात हळू उतरते, आणि चहा बिनगुळाचा.