बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद?

"बीपी नॉर्मल आलं की गोळी बंद करा, नाहीतर सवय लागते," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. त्रास काहीच जाणवत नसतो. पण १२०/८० हा आकडा बहुतेकदा गोळीमुळेच आलेला असतो. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी थांबवली तरी तिचा असर दोन-चार दिवस रेंगाळतो, म्हणून फसायला होतं. मग बीपी हळूहळू चढतं. हृदयाचे ठोके मंदावणारी मेटोप्रोलॉल ही गोळी अचानक सोडणं तर हृदयाला धोक्याचं. वॉर्डात ती देण्याआधी आम्ही नाडी मोजतो.

पडताळायचंय? पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. सात दिवस सकाळ-संध्याकाळ असं बीपी मोजून आकडे वहीत लिहा. सोलापूरच्या उन्हाळ्यात चक्कर आली, आकडा खाली गेला, तर वही घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. डोस तेच कमी करतील.