एमएसचा अटॅक रोखणारी औषधं आली कुठून?

एके सकाळी एका डोळ्याने अंधुक दिसू लागतं, किंवा पाय बधिर होतो. काही आठवड्यांत बरंचसं भरून येतं आणि मग महिन्यांनी, कधी वर्षांनी, पुन्हा अटॅक. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार बहुतेकांच्या बाबतीत असाच सुरू होतो. पॅरिसच्या जाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराची नीट ओळख पटवून दिली. पण पुढचा अटॅक टाळणारं मान्यताप्राप्त औषध मिळायला 1993 उजाडलं. स्टेरॉइडने चालू अटॅक लवकर आटोक्यात येतो, पुढचा थांबत नाही. हा फरक घरच्यांना नीट समजलेला असावा, म्हणून मुद्दाम सांगतो.

या इतिहासात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते इस्राएलच्या वाइझमन संस्थेतलं काम. 1960 च्या दशकात मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटेलबाउम यांना प्राण्यांमध्ये एमएससारखा आजार घडवून आणायचा होता. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. त्यातल्या एका प्रथिनाची नक्कल म्हणून त्यांनी चार अमिनो आम्लं गुंफली: ग्लुटामिक आम्ल, लायसिन, ॲलनिन, टायरोसिन. गिनीपिगना टोचून पाहिलं, आजार काही होईना. उलट ज्यांच्यात तो मुद्दाम घडवला जात होता, तेही बचावू लागले. फसलेला प्रयोग त्यांनी टाकून दिला नाही, हे त्यांचं मोठेपण. न्यूयॉर्कच्या मरे बॉर्नस्टाइन यांनी 1987 मध्ये याच पदार्थाची 50 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली: दोन वर्षांत प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली मात्रा मिळालेल्या गटात 62 अटॅक, औषधाच्या गटात 16. पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा एवढा दिसला नाही, साधारण 29 टक्के. तरी 1996 च्या अखेरीस अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याच्या ग्लॅटिरामर या नावात त्या चार आम्लांची आद्याक्षरंच दडली आहेत.

1987 मध्येच इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या प्रथिनाच्या चाचणीत 18 पैकी 7 रुग्णांना उपचार चालू असतानाच अटॅक आले. चाचणी थांबली, पण शरीराची प्रतिकारशक्तीच मायलिनवर उठते हा संशय त्यातून बळावला. त्याचाच भाऊबंद इंटरफेरॉन-बीटा मात्र लागू पडला. 1993 चं ते पहिलं औषध हेच. अटॅक सुमारे एक तृतीयांशाने घटले. अमेरिकेत साठा इतका अपुरा होता की आधी कोणाला द्यायचं हे सोडत काढून ठरवलं. दिवसाआड मांडीला नाहीतर पोटाला स्वतःच सुई टोचायची आणि फ्लूसारखी कणकण सोसायची. सुईऐवजी गोळी, फिंगोलिमॉड, 2010 मध्ये आली.

त्याआधी, नोव्हेंबर 2004 मध्ये, नॅटालिझुमॅब आलं होतं. पांढऱ्या पेशींना ते रक्तातून मेंदूत शिरूच देत नाही. चाचणीत अटॅक दोन तृतीयांशाने कमी झाले. तीनच महिन्यांत ते मागे घ्यावं लागलं, कारण काही रुग्णांच्या मेंदूत जेसी विषाणूचा जीवघेणा संसर्ग आढळला. धोका माहीत असूनही रुग्ण 2006 मध्ये एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या, सल्लागार समितीपुढे उभे राहिले आणि औषध परत द्या म्हणाले. जूनमध्ये ते कडक अटींवर परत आलं. आता हे औषध सुरू करताना आणि पुढेही ठरावीक काळाने, रक्तात जेसी विषाणूची प्रतिपिंडं आहेत का ते तपासतात.