दिवाणखान्याचा रंग : आम्ही येण्यापूर्वी भिंती धुऊ नयेत

दिवाणखान्याचे काम ठरले की बहुतेक ग्राहक विचारतात, ‘रंगाचे दोन हात दोन दिवसांत होतात, मग तुम्ही आठवडा का मागता?’ उरलेले दिवस खरवडणे, घासणे, पुट्टी, अस्तर (रंगाआधीचा प्रायमरचा थर) आणि या सर्वांचे वाळणे यांत जातात. त्यातही आमचा सर्वाधिक वेळ ज्या गोष्टीमुळे वाया जातो, ती ग्राहक चांगल्या हेतूनेच करतात : कारागीर येण्याच्या आदल्या दिवशी भिंती धुऊन ठेवतात.

जुन्या डिस्टेंपरची भिंत पाणी पिते. ती दुसऱ्या दिवशी वरून कोरडी दिसली, तरी हाताला गार लागते आणि पुट्टी व प्लास्टर यांत ओल शिल्लक असते. त्यावर अस्तर चढले की ओलीची बाहेर पडण्याची वाट अडते आणि पुढे रंगाला फुगे येतात किंवा त्याचे पोपडे सुटतात. एका घरी सोफ्यामागची भिंत इतकी भिजली होती की खरवडण्याचा पत्रा फिरवताच जुनी पुट्टी ओल्या पिठासारखी निघाली. ती वाळेपर्यंत आम्हाला चार दिवस हात बांधून बसावे लागले. त्या दिवसांत आम्ही अस्तर उरकू शकलो असतो, परंतु सहा महिन्यांनी पोपडे दाखवायला ग्राहकांनी आम्हालाच बोलावले असते. तेलकट डाग असल्यास ते केवळ दाखवावेत. तेवढाच भाग आम्ही धुतो आणि वाळू देतो.

धुण्याऐवजी दोन गोष्टी तपासून ठेवल्यास आम्हाला खरी मदत होईल. भिंतीवरून कोरडा तळहात घासावा. पांढरी भुकटी लागली तर जुना थर सुटत आहे आणि तो खरवडावा लागेल. जेथे ओलीचा संशय असेल, तेथे पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून 24 तास ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. आधी गळती काढावी लागेल, कोणताही महागडा रंग ती झाकू शकत नाही. नवे प्लास्टर असल्यास किमान 28 दिवस जाऊ द्यावेत.

खिळ्यांची भोके साबणाने किंवा टूथपेस्टने बुजवू नयेत, कारण ते सर्व आम्हाला पुन्हा कोरून काढावे लागते.

दारे-खिडक्या चमकवण्यासाठी तेल, मेण किंवा फवाऱ्याचे पॉलिश लावू नये. ते डोळ्यांना दिसत नाही, मात्र इनॅमल (दारे-खिडक्यांना देतात तो चकचकीत रंग) त्या जागी आकसते आणि बारीक खळगे उरतात. आम्ही लाकूड रेषेच्या दिशेने घासतो, गाठींतील राळ रंगातून वर येऊ नये म्हणून त्यांवर लाखेचा हात देतो आणि तेलाच्या इनॅमलचा प्रत्येक हात रात्रभर वाळू देतो. तोपर्यंत दार किलकिले राहू द्यावे. घट्ट लावलेले दार चौकटीला चिकटते आणि उघडताना रंग सोलून आणते. फार जुन्या घरांतील रंगाच्या थरांत शिसे असू शकते, म्हणून तेथे आम्ही ओले घासकाम करतो. त्या वेळी मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवावे.

काम सुरू होण्याच्या आठ दिवस आधी आमचा माणूस भिंती पाहून जातो आणि किती दिवस लागतील ते लेखी देतो. काम संपल्यावर उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, वर छटेचा क्रमांक लिहून, आम्ही ग्राहकांच्या घरीच ठेवतो. पुढे एखादा ओरखडा पडल्यास तो डबा टाकून दिलेला नसावा.