ड्रॅग-ड्रॉप करताना प्रोग्राम पडतो, त्यामागची जुनी भानगड

"फाइल ओढून टाकली की ॲप बंद पडतं" एवढीच तक्रार येते आणि त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही, कारण ओढणं आणि टाकणं ही आपल्याला एकच क्रिया वाटते पण आत तिचे निदान चार तुकडे असतात आणि ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी जोडलेले आहेत. मला हे कळलं ते स्वतःच्याच चुकीमुळे. फायलींची नावं ठरावीक पद्धतीने बदलून देणारं एक छोटं टूल मी विंडोजवर लिहिलं होतं, फोल्डरमधून फायली ओढल्या की मस्त चालायचं. मग एकाने मेलमधली अटॅचमेंट थेट उचलून त्यात टाकली आणि टूल गायब. एरर नाही, मेसेज नाही, खिडकीच नाहीशी. परत केलं, परत गायब. का ते सांगतो, पण आधी थोडं मागे जावं लागेल.

माऊस आणि आयकॉन आले म्हणजे लगेच ड्रॅग आलं असं नाही. झेरॉक्सच्या स्टार मशीनवर (१९८१) दोन्ही होतं, पण फाइल हलवायची तर ती निवडायची, कीबोर्डवरचं मूव्हचं बटण दाबायचं आणि मग कुठे ठेवायची ती जागा दाखवायची. माऊसचं बटण दाबून धरून वस्तू ओढत न्यायची सवय लोकांना लावली ॲपलच्या लिसाने (१९८३) आणि मुख्य म्हणजे मॅकिंटॉशने (१९८४). फ्लॉपी बाहेर काढायला तिचं चित्र कचरापेटीत टाकायचं ही तिथलीच गंमत, सगळं पुसलं तर जाणार नाही ना म्हणून नवख्या माणसाचा हात अडखळणारच. पण तेव्हाच्या ड्रॅगला एक मोठा आराम होता, फाइंडर म्हणजे मॅकचा फायली दाखवणारा प्रोग्राम, त्यातून उचललं आणि त्यातच टाकलं, म्हणजे देणारा तोच, घेणारा तोच, मेमरीही त्याचीच. घरातल्या घरात सामान हलवण्यासारखं. एका प्रोग्राममधून उचलून दुसऱ्या अनोळखी प्रोग्राममध्ये टाकायचं हे मॅकवर नीट जमायला लागलं ते १९९० च्या दशकात, ड्रॅग मॅनेजर आल्यावर.

विंडोजवर याची पहिली सर्रास वापरलेली पद्धत ३.१ मधली (१९९२). फाइल मॅनेजरमधून फाइल ओढायची आणि दुसऱ्या प्रोग्रामच्या खिडकीवर सोडायची. घेणाऱ्याने आधी सांगून ठेवायचं की मी फायली घेतो, सोडल्यावर त्याला डब्ल्यूएम-ड्रॉपफाइल्स नावाचा मेसेज येतो, सोबत मेमरीतल्या एका यादीचा हँडल (म्हणजे ती गाठायचा क्रमांक), यादीतली नावं एकेक वाचायची आणि शेवटी ड्रॅगफिनिश बोलावून यादी मोकळी करायची. संपलं. ही पद्धत आजही चालते आणि जुन्या प्रोग्रामांत अजून सापडते. तिच्यातले घोळही तसेच जुने आहेत, यादी मोकळी केल्यावर परत वाचायला गेलं की पडणार, ३२ बिटच्या काळात कोणीतरी तो हँडल साध्या इंटिजरमध्ये कोंबलेला असतो आणि ६४ बिटवर त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो, मग कधी चालतं आणि कधी पडतं. देवनागरी नावाची फाइल ओढली की पडणारे प्रोग्रामही याच घरातले, युनिकोडच्या आधीच्या, मोजकीच अक्षरं ओळखणाऱ्या एएनएसआय फंक्शनने नाव वाचलं की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, त्या नावाची फाइल उघडतच नाही, आणि उघडली का हे न बघता पुढचा कोड खुशाल वाचायला लागतो.

खरी गुंतागुंत सुरू झाली १९९३ मध्ये, ओएलई २ ही मायक्रोसॉफ्टची प्रोग्रामांनी एकमेकांना माल देण्याघेण्याची पद्धत आल्यावर. आता फक्त फायली नाहीत, वर्डमधला परिच्छेद, एक्सेलमधले सेल, चित्र, काहीही उचलून कुठेही टाकता यावं असा विचार होता, आणि विचार चांगलाच होता. पण त्यासाठी दोन प्रोग्रामांना ओढणं चालू असतानाच एकमेकांशी बोलावं लागलं. देणारा एक डेटा ऑब्जेक्ट तयार करतो, त्यात हाच माल चार-पाच फॉरमॅटमध्ये मिळू शकेल असं लिहिलेलं असतं, आणि तो डूड्रॅगड्रॉप नावाच्या फंक्शनमध्ये शिरतो ते बटण सुटेपर्यंत बाहेरच येत नाही. तिकडे कर्सर ज्या खिडकीवर जाईल तिच्या प्रोग्राममधलं ड्रॅगएंटर चालतं, मग माऊस हलेल तसं ड्रॅगओव्हर पुन्हा पुन्हा, बाहेर गेलं की ड्रॅगलीव्ह, आणि सोडलं की ड्रॉप. विंडोज ९५ पासून डेस्कटॉप आणि एक्सप्लोररसुद्धा याच पद्धतीवर आले, त्यामुळे साधी फाइल ओढली तरी हे सगळं नाटक होतंच.

म्हणून पहिला प्रश्न मी हाच विचारतो की नेमकं कधी पडलं. उचलता क्षणी, खिडकीवरून फिरवताना, सोडल्यावर, की सोडून सगळं झाल्यावर सेकंदभराने? उत्तरावरून अर्धं काम होतं. उचलतानाच पडत असेल तर देणाऱ्याचं डेटा ऑब्जेक्ट बनवताना किंवा कर्सरखाली दिसणारं ते पुसट चित्र काढताना काहीतरी बिनसलंय. फिरवताना पडत असेल तर ड्रॅगओव्हरमध्ये बघा, माऊस खाली नेमक्या कोणत्या ओळीवर आहे हे काढताना ओळच नसेल तर उत्तर उणे एक येतं आणि तोच आकडा घेऊन लोक यादीत शिरतात. रिकाम्या यादीवर ओढून बघणं ही चाचणी कोणी करत नाही, करा. सोडताना पडत असेल तर संशय फॉरमॅटवर आणि मेमरी कोणी मोकळी करायची यावर, कारण ओएलईमध्ये मालाच्या डब्यावरच एक खूण असते की हा मी सोडवणार की तू, ती न बघता आपल्या मनाने मोकळा केला की तोच डबा दोनदा मोकळा होतो. आणि याची खोडी अशी की दोनदा मोकळं केल्यावर तिथल्या तिथे पडेलच असं नाही, थोड्या वेळाने भलत्याच मेनूवर क्लिक केलं की पडतं आणि आपण बिचाऱ्या मेनूचा कोड वाचत बसतो.

सगळं झाल्यावर पडण्याचा प्रकार मला सगळ्यात छळवादी वाटतो. आपल्याच यादीतली ओळ उचलून आपल्याच दुसऱ्या यादीत टाकली, ड्रॉपमधल्या कोडने लगेच स्क्रीन नव्याने भरली, त्यात जिथून उचललं तो विजेटच (पडद्यावरचा घटक, इथे ती यादी) डिलीट झाला. पण त्याचं डूड्रॅगड्रॉप अजून परतलेलं नाही ना! ते परत येतं तेव्हा घरच पाडलेलं असतं. क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) वापरणाऱ्यांना इथे आणखी एक चकवा आहे, ड्रॅग चालू असताना विंडोजवर क्यूटीचा इव्हेंट लूप, म्हणजे घडामोडी एकेक हाताळणारं चक्र, अडकून राहतो, लिनक्स आणि मॅकवर चालू राहतो, त्यामुळे "माझ्या मशीनवर तर चालतं" हे वाक्य दोन्ही बाजूंनी खरं असू शकतं. उपाय कंटाळवाणा आहे पण तोच आहे, ड्रॉपमध्ये फक्त माल उचलून ठेवायचा, स्वतःला एक मेसेज टाकायचा आणि परत यायचं, खरं काम नंतर. ड्रॉपमध्येच "फाइल बदलू का?" असा डायलॉग दाखवणारे प्रोग्राम तर देणाऱ्यालाही लटकवून ठेवतात, तुमचा डायलॉग बंद होईपर्यंत पलीकडचा एक्सप्लोरर गोठलेला दिसतो आणि शिव्या त्याला पडतात.

लिनक्सकडे इतिहास वेगळ्या वाटेने गेला. एक्स विंडो ही तिथली खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था, तिच्यात ड्रॅगचं स्वतःचं काहीच नव्हतं, मोटिफ नावाच्या लायब्ररीने आपलं एक काढलं, बाकीच्यांनी आपापलं, मग १९९० च्या दशकाच्या शेवटी एक्सडीएनडी नावाचा करार आला आणि जीटीके, क्यूटी सगळे हळूहळू त्यावर स्थिरावले. यात दोन प्रोग्राम एकमेकांच्या खिडक्यांना मेसेज पाठवतात, आणि मेसेज पोचेपर्यंत समोरची खिडकी बंद झालेली असली तर बॅडविंडो एरर येते. आता गंमत बघा, एक्सशी बोलणाऱ्या एक्सलिब लायब्ररीत अशी एरर आली आणि तुम्ही स्वतःचा हँडलर लावलेला नसेल तर ती एरर छापून प्रोग्राम सरळ बंद करते. लोक कोअर डंप (पडताना जपून ठेवलेली मेमरीची प्रत) शोधत बसतात, तो सापडत नाही, कारण हा क्रॅश नव्हेच, रीतसर एक्झिट आहे. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर (१.० आलं २०१२ मध्ये) माल पाइपमधून येतो, म्हणून तिथला घोळ वेगळा, घेणाऱ्याने पाइप मध्येच बंद केला की लिहिणाऱ्याला सिगपाइप हा सिग्नल जातो आणि त्याची काही सोय केलेली नसेल तर प्रोग्राम गुपचूप मरतो. दोन्ही ठिकाणी ॲप टर्मिनलमधून चालवायचं, बॅडविंडोची ती एरर तिथे दिसते, आणि सिगपाइप असेल तर काही छापलेलं नसतं पण एक्झिट कोड १४१ असतो.

बरं, हे सगळं डीबगरमध्ये बघावं म्हटलं तर ड्रॅग तिथेही सुखाने बघू देत नाही. ड्रॅगओव्हरमध्ये ब्रेकपॉइंट (इथे थांब अशी खूण) टाकला की तो लागतो, डीबगरची खिडकी पुढे येते, तुम्ही तिकडे क्लिक करायला माऊसचं बटण सोडता, आणि ज्याची चौकशी करत होता ते ड्रॅगच संपतं. एक्सवर याहून वाईट, ड्रॅग करणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण माऊस धरून ठेवलेला असतो, तोच ब्रेकपॉइंटवर थांबला की कर्सर फिरतो पण क्लिक कुठेच लागत नाही, सगळा डेस्कटॉप मेल्यासारखा. मग दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत येऊन त्याला मारायचं. म्हणून यासाठी जुनं लॉगिंगच बरं, एंटर, ओव्हर, लीव्ह, ड्रॉप प्रत्येकाच्या सुरुवातीला आणि शेवटी एक ओळ, सोबत मिळालेले फॉरमॅट. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फॉल्टिंग मॉड्यूलचं (नेमका कोणता भाग पडला त्याचं) नाव जरूर बघा, तिथे तुमच्या प्रोग्रामऐवजी कुठलं तरी शेल एक्स्टेन्शन (एक्सप्लोररला जोडलेला दुसऱ्याचा कोड) निघालं तर गोष्टच बदलते, ती दुसऱ्याची डीएलएल तुमच्या घरात येऊन पडलेली असते. आणि नाव विंडोजच्याच, मेमरीचा हीप सांभाळणाऱ्या एनटीडीएलएलचं असेल तर दोनदा मोकळं करणं पहिल्यांदा तपासा, पेज हीप हे मेमरी तपासणारं सेटिंग चालू केलं की पडायची जागा बऱ्याचदा खऱ्या चुकीजवळ येते.

एक प्रकार मात्र क्रॅशच्या यादीतून काढून टाका. व्हिस्टापासून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या प्रोग्रामवर साध्या एक्सप्लोररमधून काही ओढलं तर टाकताच येत नाही, कमी अधिकाराच्या प्रोग्रामने जास्त अधिकाराच्या खिडकीला वाटेल ते पाठवू नये म्हणून तो अडसर मुद्दाम घातलाय. लोक म्हणतात "ड्रॅग बिघडलं", काही बिघडलेलं नसतं, ॲप साधं उघडा. .नेटमध्ये खिडकी उघडतानाच ड्रॅगड्रॉपचं रजिस्ट्रेशन झालं नाही अशी तक्रार आली तर तो थ्रेड एसटीए (ओएलईला लागणारा थ्रेडचा प्रकार) नाही एवढंच, आणि सी++ मध्ये ओलेइनिशियलाइझऐवजी कोइनिशियलाइझ वापरलं तर रजिस्टरड्रॅगड्रॉप चक्क मेमरी संपल्याची एरर देतं. मेमरी भरपूर असते. या एका खोट्या एररने किती लोकांच्या संध्याकाळी खाल्ल्या असतील.

तर माझं टूल. मेलमधली अटॅचमेंट ही डिस्कवरची फाइल नसतेच, मेल प्रोग्राम तिचं नाव एका फॉरमॅटमध्ये देतो आणि आतला मजकूर दुसऱ्या फॉरमॅटमध्ये, मागितल्यावर, स्ट्रीम म्हणून. फायलींची ती जुनी यादी, सीएफ-एचड्रॉप, त्यात नव्हतीच. मी ड्रॅगएंटरमध्ये काहीही आलं तरी "चालेल, कॉपी" असं उत्तर देऊन मोकळा होत होतो, मग ड्रॉपमध्ये यादी मागायची, "नाही" असं उत्तर यायचं, ते मी बघतच नव्हतो, आणि रिकाम्या पॉइंटरवरून पहिलं नाव वाचायला जायचो. लॉगमध्ये सगळं स्वच्छ दिसलं, ड्रॉपची सुरुवात छापलेली, शेवट नाही. ड्रॅगएंटरमध्ये फॉरमॅट विचारायची एक ओळ घातली, आता अटॅचमेंट आणली की कर्सरवर ते तिरकी रेघ मारलेलं वर्तुळ दिसतं आणि टूल जिवंत राहतं. त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी विचारलं, "आधी निदान टाकता तरी येत होतं, आता का येत नाही?"