कांद्याचं पाणी, बासरीचं पाणी

लासलगावच्या कांद्याने येणारं पाणी आणि टीव्हीवरचा एपिसोड बघून येणारं पाणी एकाच ग्रंथीतून निघतं. वाट तेवढी वेगळी.

कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात आणि इतका वेळ वेगवेगळ्या कप्प्यांत बसलेले पदार्थ एकमेकांना भेटतात. अ‍ॅलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) गंधकाची संयुगं फोडतं, त्यातून जे निघतं त्यावर आणखी एक विकर काम करतं आणि सिन-प्रोपेनथायल-एस-ऑक्साइड नावाचं डोळ्यांना झोंबणारं रसायन हवेत उडतं. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये उजेडात आणलं. तोवर सगळं खापर अ‍ॅलिनेजच्या डोक्यावर फुटत होतं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातले चेतातंतू चुरचुरतात, मेंदूच्या बुंध्याशी निरोप जातो आणि तिथून अश्रुग्रंथीला हुकूम सुटतो. या कारभारात मनाला कोणी विचारत नाही. कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून चिरला तर विकरं मंदावतात आणि पाणी कमी येतं.

एपिसोडचं पाणी मनाला विचारून येतं. ते नेमकं कधी येतं हे पाहायला ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतला ‘द इनर लाइट’ हा भाग फार सोयीचा आहे. जून १९९२ मध्ये तो अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला आणि विज्ञानकथांसाठीचा १९९३ चा ह्यूगो पुरस्कार त्याला मिळाला. या मालिकेचे चाहते आजही त्याचं नाव काढलं की आधी शेवटच्या बासरीबद्दल बोलतात. कथा सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, त्यामुळे ज्यांना कोरा बघायचा आहे त्यांनी आधी एपिसोड बघून यावं.

अंतराळयानाचा कप्तान पिकार्ड एका अनोळखी यंत्राच्या किरणाने बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तो कटान नावाच्या ग्रहावरच्या रेसिक गावात. तिथे सगळे त्याला कामिन म्हणतात, एलिन नावाची बायको त्याची वाट बघत असते. आधी तो धडपडतो, मग रुळतो. बासरी शिकतो, मुलं होतात, नातवंड येतं, केस पिकतात. गावावर दुष्काळाची छाया असते आणि दर वर्षी ती गडद होत जाते. शेवटी म्हातारा कामिन एक अग्निबाण उडताना बघायला जातो आणि तिथे गेलेली माणसं तरुण होऊन त्याला भेटतात. कळतं ते असं, की हा ग्रह हजार वर्षांपूर्वीच संपला. जाता जाता त्यांनी आपली आठवण या यंत्रात भरून पाठवली आणि ती पिकार्डला सापडली. यानावर तेवढ्या वेळात फक्त २५ मिनिटं गेलेली असतात. यंत्रात एक डबी मिळते, डबीत बासरी. पिकार्ड खोलीत एकटा उभा राहून ती वाजवतो. संपलं.

एक टीप खगोलशास्त्राची. कथेत तिथला तारा ‘नोव्हा’ होतो असं म्हटलंय. आजच्या अर्थाने नोव्हा म्हणजे जोडताऱ्यातल्या श्वेतबटूने, म्हणजे इंधन संपलेल्या छोट्या ताऱ्याने, शेजाऱ्याकडून ओढलेल्या वायूचा स्फोट. सूर्यासारखा एकटा तारा नोव्हा होत नाही. पण म्हातारा होत चाललेला तारा हळूहळू अधिक तापतो आणि ग्रह कोरडा पडत जातो, हा भाग बरोबर आहे.

आता डोळे कुठे भरतात ते बघा. गावात मित्र जातो, बायको जाते. तिथे छातीत दाटतं, पण बहुतेकांचे डोळे कोरडे राहतात. धार लागते ती शेवटी, संकट संपल्यावर, पिकार्ड सुखरूप असताना. १९७९ मध्ये एफ्रन आणि स्पँगलर या मानसशास्त्रज्ञांनी यावर एक मत मांडलं: मोठ्या माणसाचं रडू ताण चढताना येत नाही, ताण उतरायला लागतो त्या वळणावर येतं. हरवलेलं पोर सापडेपर्यंत आई गावभर कोरड्या डोळ्यांनी फिरते आणि पोर दिसलं की हंबरडा फोडते, तोच प्रकार. पुढे प्रयोगशाळेत सिनेमा दाखवून केलेल्या मोजमापांत दिसलं, की अश्रू येण्याच्या थोडं आधी हृदयाचे ठोके वाढतात आणि रडू सुरू झाल्यावर लवकरच खाली येतात. श्वासही संथ होतो. म्हणजे शरीराच्या दृष्टीने रडू हा ब्रेक आहे.

अश्रुग्रंथीला जाणारे मुख्य तंतू परानुकंपी चेतासंस्थेचे, म्हणजे विसाव्याच्या बाजूचे असतात, हे या मताशी जुळतं. गळ्यात आवंढा अडकतो तो मात्र दुसऱ्या बाजूचा. ताणात शरीर जास्त हवा घ्यायला स्वरयंत्राचं दार उघडं धरतं. गिळताना तेच दार बंद व्हावं लागतं. दोन्ही हुकूम एकदम आले की गोळा जाणवतो. नाक गळतं त्याला कारण साधी नळी आहे: पापण्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक छिद्रं असतात, जास्तीचं पाणी तिथून नाकात उतरतं. छिद्रांना झेपेना की ते गालावर येतं.

‘रडलं की शरीरातली विषं बाहेर पडतात’ हा फॉरवर्ड इथेच निकालात काढू. १९८१ मध्ये विल्यम फ्रे यांनी दाखवलं की सिनेमा बघून आलेल्या अश्रूंत कांद्याच्या अश्रूंपेक्षा प्रथिनं जास्त असतात. तेवढ्यावरून लोकांनी विषांची गोष्ट रचली. हिशोब करा: डोळ्यांत घालायच्या औषधाचे २० थेंब म्हणजे सुमारे १ मिलिलिटर. तासभर रडूनही फार तर काही मिलिलिटर पाणी जातं. मूत्रपिंडं दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. विषं काढायचं काम तिकडे आहे.

या एपिसोडची खरी करामत वेळेत आहे. कामिन म्हणून पिकार्ड जगतो ती सुमारे ४० वर्षं म्हणजे २ कोटी १० लाख मिनिटं. ती २५ मिनिटांत बसवायची तर आयुष्य सुमारे ८ लाख ४० हजार पट वेगाने चालवावं लागेल. चेतापेशी सेकंदाला फार तर काहीशे वेळा ठिणगी टाकते, तिला हा वेग पेलणं अशक्य. यंत्राला एकच मार्ग उरतो: सगळी ४० वर्षं जगवायची नाहीत, त्यांच्या आठवणी पेरायच्या. आणि आठवण सलग चित्रफितीसारखी नसतेच. मेंदू दिवसाचे तुकडे पाडतो, एक प्रसंग संपून दुसरा सुरू होतो त्या उंबरठ्यापाशी खूण करतो, मधलं बरंचसं टाकून देतो. आपलीच गेली दहा वर्षं आठवून पाहा: एक लग्न, एक बदली, एक आजारपण, गच्चीवरचा एक पाऊस. कामिनचं आयुष्यही असंच आठ-दहा खुणांनी उभं केलंय. त्या यंत्राने पिकार्डचं जे केलं तेच या ४५ मिनिटांच्या एपिसोडने आपलं केलं. शेवटी खोलीत उभ्या पिकार्डला जे माहीत आहे ते यानावर कोणालाच माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. तिथे आपण त्याचे सोबती होतो.

बासरी ही त्यातली किल्ली. तीच धून आधी अडखळत, मग सहज, मग घरच्या प्रसंगात येते. जे चॅटवे यांची ही रचना अगदी साधी आहे. संगीत मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये ८३ जणांना विचारून पाहिलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आणणाऱ्या जागांत एक गोष्ट वारंवार दिसली: मुख्य स्वराच्या शेजारी रेंगाळून मग त्यावर उतरणं. पुन्हा तेच, ताण आणि उतार. (पडद्यावरची बासरी निव्वळ नाटकातली वस्तू होती, ती वाजत नाही. २००६ च्या लिलावात ती ४८ हजार डॉलरला गेली!)

आपल्याकडे हे कोडं जुनं आहे. नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भावांत, म्हणजे मनातलं शरीरावर उमटतं त्या खुणांत, अश्रू आणि रोमांच एकत्र बसवलेत. दुसऱ्याच्या दुःखाने आनंद कसा होतो, यावर जुना रसमीमांसक भट्टनायक याचं उत्तर साधारणीकरण: रंगमंचावरचं दुःख ना पात्राचं राहतं, ना माझं. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात करुण प्रसंगाला पदर डोळ्यांना लागतात तेव्हा हेच घडत असतं. विज्ञानकथेला ते जमत नाही, ती डोक्याची गोष्ट, असं आपल्याकडे अजूनही ऐकू येतं. २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे होतं, तरी हे ऐकू येतं.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या माणसाला तर हा एपिसोड जास्तच लागावा. रेसिकमध्ये पाणी आटत असतानाही गावकरी चौकातलं एक रोपटं पाणी घालून जगवतात. येवला-नांदगावकडे टँकरच्या पाण्यातून भांडी घासलेलं पाणी वाचवून दारातल्या कढीपत्त्याला घालणाऱ्या घराला त्यातला अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कथेतली खूण आणि आपली आठवण जुळली की आत शिरायला दार सोपं होतं.

आता दहा-पंधरा जणांना जमवून हा एपिसोड दाखवायचा असेल, इंदिरानगरच्या एखाद्या हॉलमध्ये म्हणा, तर कुठे माशी शिंकते ते सांगतो.

पहिली चूक चित्राची. मालिका ४:३ आकारात आहे. ४३ इंची टीव्हीवर पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर, चित्राची ७१. दोन्ही बाजूंना १२-१२ सेंटीमीटर काळी पट्टी राहणारच. ‘पडदा वाया चाललाय’ म्हणून कोणी तरी रिमोट घेऊन ते ताणतं आणि सगळे चेहरे एक तृतीयांशाने रुंद होतात. भावना आपण चेहऱ्यावरून वाचतो, डोळ्या-ओठांच्या बारीक हालचालींवरून; चेहरा चपटा झाला की वाचन बिघडतं. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा. मालिका सेकंदाला २४ चौकटींच्या फिल्मवर चित्रित झाली आहे. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवायला लागला की सगळं लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसतं. खुर्च्या तीन मीटरच्या आत.

दुसरी आवाजाची. फरशी आणि कोऱ्या भिंतींचा हॉल घुमतो. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागे रेंगाळ ऐकू आली तर सतरंज्या अंथरा, पडदे ओढा. पंखा पाचवरून दोनवर आणा, कारण शेवटची बासरी हळू आहे आणि पंख्याची घरघर तिला गिळते. पत्र्याच्या छताखाली पावसाळ्यात हा कार्यक्रम करूच नये.

तिसरी, मधला चहा. कथेत रमलेलं मन बाहेर काढलं की पुन्हा शिरायला वेळ लागतो, आणि इथे वेळ ४५ मिनिटांचाच आहे. चहा आधी. एपिसोड आधीच उतरवून ठेवा, भर प्रसंगात चक्र फिरत बसायला नको. लाइटचा भरवसा नसेल तर टीव्ही इन्व्हर्टरवर.

नवख्यांना सुरुवातीला दोनच गोष्टी सांगा: हा कप्तान एकटा आहे, आणि मोकळेपणाने भावना दाखवणं त्याच्या स्वभावात नाही. चाहत्यांना हे शंभरावर भागांच्या सहवासाने माहीत असतं, म्हणून त्यांना घाव जास्त बसतो. इंग्रजी सबटायटल वाचताना नजर चेहऱ्यावरून खाली जाते, हा तोटा खरा. पण शेवटच्या प्रसंगात बासरी वाजते तेव्हा संवाद नाही. तिथे सगळे एका रांगेत येतात.

खुर्च्या समोरासमोर किंवा अर्धवर्तुळात मांडू नका. शेजारचा आपल्याकडे बघतोय असं वाटलं की माणूस, विशेषतः पुरुष माणूस, आवंढा गिळून बसतो.

मोजमापाची हौस असेल तर करोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून काढा. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावा, हात मांडीवर, दर ३० सेकंदांनी ठोक्यांचा आकडा दुसऱ्याने लिहायचा. मेंदी, नेलपॉलिश, गार पडलेली बोटं यांनी आकडा चुकतो. सर्वांत मोठी गंमत म्हणजे ऐन वेळी माणूस त्याच हाताने डोळे पुसतो आणि यंत्र भलताच आकडा दाखवतं. म्हणून रुमाल आधीच उजव्या हातात द्या. आधी पाच मिनिटं शांत बसवून मूळ आकडा घ्यायला विसरू नका, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणि शेवटची नावं वर सरकत असताना ट्यूबलाइट लावायला धावणारा एक जण प्रत्येक ठिकाणी असतो. त्याला बटणापासून लांब बसवा. ‘कसं वाटलं?’ हेही लगेच विचारू नका. २०१५ च्या एका प्रयोगात सिनेमा बघून रडलेल्यांची मनःस्थिती संपल्या संपल्या खालावलेली होती, २० मिनिटांत ती मूळ पातळीवर आली आणि ९० मिनिटांनी सिनेमाच्या आधीपेक्षाही वर गेली. सातला सुरू केलं तर पावणेआठला संपेल. मग जेवणं उरकून घ्या. गप्पा सव्वानऊला.