शंभर मायक्रॉनचा मामला

आजच्या गाडीवर कारखान्यात चढलेले रंगाचे सगळे थर, अगदी खालच्या प्रायमरपासून वरच्या चकाकीपर्यंत, मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा, फार तर थोडा अधिक. जुनी गाडी घरी आणायची, पार सुटी करायची, रंगवायची आणि पुन्हा उभी करायची, असा नाद ज्याला लागतो त्याची निम्मी डोकेदुखी एवढ्याशा जाडीत असते. इंजिन बिघडलं तर निदान आवाज करून सांगतं. रंगाखाली काय शिजतंय ते पोपडा सुटेपर्यंत कळत नाही.

शिजत असतो तो गंज. उघड्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला तर लोखंड कुठे खाल्लं जाईल? कडेला, असं कोणीही म्हणेल, कारण हवा तिथे जास्त. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात या थेंबाचा कसून अभ्यास केला. खड्डा पडतो तो थेंबाच्या मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी पोचतो. तिथलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेला जातात आणि तिथला ऑक्सिजन त्यांना उचलतो. तांबूस गंजाचं कडं मध्येच कुठेतरी साचतं. गंज दिसतो एकीकडे, पत्रा जातो दुसरीकडे.

गाडीतल्या गंजाच्या नेहमीच्या जागा याच हिशेबाने ठरतात. क्रोमच्या पट्टीखाली, काचेच्या रबराच्या खाचेत, दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेल्या शिवणीत पाणी शिरतं, हवा मात्र फारशी जात नाही. त्यातून गंजाला मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा लागते, त्यामुळे तो शिवण फाकवतो आणि रंग उचलतो. बाहेरून छोटासा फुगवटा दिसतो, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं की आरपार.

वरवरच्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं कन्व्हर्टर चालतं, गंजाचं आयर्न फॉस्फेट होतं. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ते फासणं म्हणजे मनाचं समाधान. तिथे पत्रा कापून नवा जोडावा. छोट्या सुट्या भागांसाठी धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर ही जोडी छान काम करते: भाग ऋण टोकाला, लोखंडी पट्टी धन टोकाला. पट्टी स्टेनलेस स्टीलची मात्र कधीच नको, कारण पाण्यात विषारी षट्-संयुजी क्रोमियम उतरतं. शिवाय हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर करावं. स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट यात टाकू नयेत, हायड्रोजन मुरला की असं पोलाद ठिसूळ होतं.

जुना रंग काढण्याआधी तो कोणत्या जातीचा आहे ते पाहावं. १९२० पर्यंत गाड्या ब्रशने रंगवत आणि सुकायला आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. मग ड्यूपाँटचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज रंग आला, जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीच्या १९२४ च्या मॉडेलवर तो चढला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. हा एनसी रंग नुसता थिनर उडून सुकतो. म्हणून पन्नास वर्षांनीही थिनरचं फडकं घासलं की पुन्हा विरघळतो. एनॅमल आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंगांत सुकताना रेणूंची जाळी विणली जाते, ती सहसा विरघळत नाही. गाडीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात थिनरचं फडकं फिरवावं, फडक्याला रंग लागला तर एनसी. त्यावर थेट पीयू मारला तर नव्या रंगातलं थिनर खालचा थर फुगवतं आणि सुरकुत्या पडतात. जुन्या थरांत शिसंही असू शकतं, म्हणून कोरडं घासू नये, पाणी लावून वॉटर पेपर चालवावा.

पत्र्याचे खड्डे भरायच्या पुट्टीला हा नियम लागू नाही. ती पाणी पिते, त्यामुळे ती कोरडीच घासायची, मास्क लावून आणि धूळ खेचून घेत. पेपरच्या पाठीवरचा आकडाही पाहावा. पी ८० चा कण सुमारे २०० मायक्रॉनचा, म्हणजे रंगाच्या एकूण थरापेक्षा जाड. पी ४०० चा ३५ मायक्रॉनचा. मधले आकडे गाळून उडी मारणाऱ्याला रंग मारला त्या दिवशी सगळं गुळगुळीत दिसतं. थर आकसत गेला की काही आठवड्यांनी खालचे ओरखडे वर उमटतात.

आता स्प्रे गन. इथे पदार्थविज्ञान पेंटरच्या खोड्या काढतं. गनमधून उडालेले थेंब पत्र्यावर खडबडीत बसतात, पृष्ठताण त्यांना सपाट करू पाहतो आणि रंगाचा दाटपणा त्याला अडवतो. सपाट होण्याचा वेग थराच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट केला की वेग आठपट. मग जाडच मारावा की! पण उभ्या पॅनलवर गुरुत्वाकर्षणाने खाली वाहणारा रंगही जाडीच्या घनानेच वाढतो, म्हणजे ओघळही आठपट. पातळ हात मारला तर ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, जाड मारला तर ओघळ, आणि दोन्हींच्या मधली जागा चिंचोळी. कारागिराची बोटं जी जागा अंदाजाने पकडतात ती हीच. थिनर उडत जातो तसा रंग दाट होतो, म्हणून आधी सपाट व्हायला वेळ आणि ओघळायच्या आत घट्टपणा, हे थिनर निवडून साधायचं असतं. उन्हाळ्याचं थिनर आणि थंडीचं थिनर वेगळं असतं ते यासाठी.

सुटं काम करण्याचा फायदा इथे कळतो. बॉनेट, डिकीचं झाकण आडवं ठेवून रंगवलं तर ओघळायची भीती जवळजवळ संपते. मेटॅलिक रंगात मात्र ही चलाखी अंगाशी येते. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या चपट्या कणांची ठेवण थर किती ओला बसला आणि पॅनल कोणत्या कोनात होतं यावर बदलते. एकाच डब्यातला रंग, तरी दार आणि मडगार्ड वेगळे दिसतात. घरी पहिलीच गाडी करणाऱ्याने साधा, चमचम नसलेला रंग निवडावा असं माझं ठाम मत आहे. बहुतेक जुन्या गाड्यांना तोच शोभतो.

दमट हवेत एनसी रंगावर पांढुरकी झाक येते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर दवासारखी बसते. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअस वर असावं, हा रंगकामातला सर्वमान्य दंडक. रंगात गोल डोळे पडले तर सिलिकॉनवर संशय घ्यावा. त्याच शेडमध्ये कोणीतरी डॅशबोर्डला चकाकीचा स्प्रे मारलेला असतो. सिलिकॉनच्या कणाभोवती पृष्ठताण कमी होतो आणि रंग तिथून मागे सरतो.

पीयू घट्ट करायला त्यात मिसळतात त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाबद्दल एकदा स्पष्ट बोलायला हवं. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अत्यल्प मात्राही पुरते. ते नाकाला जाणवत नाही, त्यामुळे मास्कचं फिल्टर संपलेलं कळत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि बंदिस्त बूथ नसेल तर शेवटचे हात व्यावसायिकाकडून मारून घ्यावेत. हौसेला याने कमीपणा येत नाही.

रंगाआधी दारं, बॉनेट, मडगार्ड एकदा बसवून फटी जुळवून घ्याव्यात, तेही गाडी चाकांवर उभी असताना, कारण जॅकवर सांगाडा वेगळा वाकतो. ही पायरी गाळली तर नव्या रंगावर पाने चालवावे लागतात.

जोडणीत शंभर मायक्रॉन पुन्हा आडवे येतात. बोल्ट ही खरं तर ताठ स्प्रिंग आहे. पाच सेंटिमीटरचा चांगला बोल्ट नीट आवळला की साधारण ०.१ मिलिमीटर ताणला जातो आणि त्या ताणावर सगळी पकड टिकते. आता त्याच्या डोक्याखाली ताज्या रंगाचा १०० मायक्रॉनचा थर आहे असं समजा. तो हळूहळू दबून बाजूला सरकला तर ताण तेवढाच ढिला पडतो. टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराला टकटकणारा पाना, लावून आवळलेलं असलं तरीही. सस्पेन्शनचे टेकू, चाक जिथे टेकून बसतं ती सपाट बाजू, या जागा रंगवताना झाकून ठेवाव्यात. पान्याच्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला जातो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात. म्हणून गंजक्या आट्यांवर पाना लवकर टकटकतो आणि बोल्ट सैल राहतो, उलट तेल लावून तेवढाच टॉर्क दिला तर तो तुटू शकतो.

अर्थिंगचंही तेच. जुन्या गाडीत विजेचा परतीचा रस्ता सांगाड्यातून जातो आणि रंग हा उत्तम विद्युतरोधक. नव्याने उभ्या केलेल्या गाडीचे दिवे मिणमिणत असतील, एका बाजूचा इंडिकेटर लावल्यावर भलताच दिवा लुकलुकत असेल, तर वायरिंग उसवण्याआधी अर्थच्या नटाखालचा रंग खरवडून बघावा.

ब्रेकमधली हवा काढायचं काम बहुधा रंग झाल्यावरच येतं. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं आणि ते ताजा रंग सोलून काढतं. सुक्या फडक्याने पुसलं तर नुसतं पसरतं. पण ते पाण्यात विरघळतं, तेव्हा पाण्याची बादली आणि तांब्या आधीच हाताशी ठेवावा, आणि थेंब पडला की लगेच भरपूर पाणी ओतावं.