‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’: लिनक्सच्या स्क्रीनमागचं नेटवर्क

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपच्या ऑफिसात जुन्या असेंबल्ड पीसीवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेलं लिनक्स चालू असतं. कुणीतरी मशीनचं नाव बदलून ‘ऑफिस-२’ ठेवतं आणि त्यानंतर कुठलाही नवा प्रोग्रॅम उघडायला गेलं की ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’. संशय ग्राफिक्स कार्डावर जातो, रॅम काढून खोडरबरानं पुसूनही होते. कार्ड मात्र धडधाकट असतं.

मशीनच्या नावाचा स्क्रीनशी संबंध जोडला गेला तो १९८४ मध्ये. एमआयटीत बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या, पुढे लिनक्सनंही घेतलेल्या एक्स विंडो सिस्टिमचं काम सुरू केलं तेव्हा कॅम्पसवर वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन होती. प्रोग्रॅम एका मशीनवर चालावा आणि खिडकी दुसऱ्याच टेबलावर उघडावी, ही गरज होती. म्हणून स्क्रीन, कीबोर्ड, माउस सांभाळणारा तो सर्व्हर आणि खिडकी मागणारा प्रोग्रॅम तो क्लायंट. नवख्याला हे उलटंच वाटतं. १९८७ मध्ये प्रोटोकॉलची अकरावी आवृत्ती आली आणि आकडा आजही अकराच आहे.

त्यामुळे ‘डिस्प्ले’ या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे स्क्रीन कुठं आहे ते प्रोग्रॅमला सांगणाऱ्या सेटिंगमध्ये, असतो तो एक पत्ता. नुसतं ‘:०’ म्हणजे याच मशीनवरचा पहिला डिस्प्ले. तिथं टेम्प फोल्डरमधल्या सॉकेटवरून, मशीनमधल्या मशीनमध्ये बोलणं होतं. आधी दुसऱ्या मशीनचं नाव असलं तर नेटवर्कवरून, टीसीपीचं ६००० नंबरचं पोर्ट. ओळख पटवायला होम फोल्डरमध्ये ‘.एक्सऑथॉरिटी’ नावाची लपलेली फाइल असते, आणि तिच्यातली गुप्त किल्ली मशीनच्या नावाखाली नोंदलेली असते. नाव बदललं की नोंद सापडत नाही आणि सर्व्हर दार उघडत नाही. लॉगआउट करून परत लॉगिन केलं की नवी नोंद होते, काम संपलं. राउटरनं दिलेलं नाव मशीननं परस्पर उचललं तरी हेच घडतं.

याच फाइलमुळे दुसरा त्रास होतो तो लॉगिनच्या चकराचा: पासवर्ड बरोबर, स्क्रीन क्षणभर काळी, पुन्हा लॉगिनच. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जावं. आधी ‘डीएफ -एच’नं डिस्क भरली आहे का ते पाहावं, कारण जागाच नसेल तर किल्ली लिहिली जात नाही. मग ‘एलएस -एल’नं फाइलचा मालक पाहावा. कुणी ‘सुडो’ लावून, म्हणजे रूट या प्रशासकाच्या अधिकारानं, ‘स्टार्टएक्स’ ही ग्राफिक स्क्रीन सुरू करणारी कमांड चालवली असेल तर मालक रूट झालेला असतो. फाइल उडवावी, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. ‘एक्सहोस्ट +’ हा जुना उपाय मात्र करू नये. तो किल्लीची तपासणीच बंद करतो.

नव्वदच्या दशकात पीसीसाठी एक्सफ्री८६ हा मोफत एक्स सर्व्हर आला. त्यात मॉनिटरचे हॉरिझाँटल सिंक आणि व्हर्टिकल रिफ्रेशचे आकडे हातानं लिहावे लागत, आणि चुकीच्या आकड्यानं जुना काचेचा मॉनिटर खराबही होऊ शके. २००४ मध्ये लायसन्सवरून फाटलं, बहुतेक सगळे एक्स.ऑर्ग या त्याच्या नव्या शाखेकडे गेले. २००९ च्या सुमारास रिझोल्यूशन ठरवण्याचं काम कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे गेलं आणि हातानं लिहायची कॉन्फिग फाइल बहुतेक मशीनवर निरुपयोगी झाली. आज ‘नो स्क्रीन्स फाउंड’ आलं तर आधी ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ नावाची शिळी फाइल पडून आहे का ते बघा, असेल तर नाव बदलून बाजूला ठेवा. एक्सच्या लॉगमध्ये ‘ईई’ (एरर) खुणेच्या ओळी तेवढ्या वाचाव्यात. बाकी मजकुरात वेळ जातो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कर्नल अपडेटनंतर ड्रायव्हरचं मॉड्यूल बनलं का आणि सिक्युअर बूटनं (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) ते अडवलं का, हे दोन प्रश्न आधी.

एक्सच्या जागी आलेलं वेलँड हे क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांचं २००८ मधलं काम. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोरानं २०१६ मध्ये, उबुंटूनं २०२१ मध्ये ते डिफॉल्ट केलं. नेटवर्कवरून खिडकी दाखवणं त्याच्या गाभ्यातून वगळलं आहे. जुन्या प्रोग्रॅमसाठी एक्सवेलँड हा दुभाष्या मध्ये बसतो. त्यामुळे एक्सच्या काळातले कितीतरी उपाय इथं नुसते वाया जातात. आधी सेशन एक्सचं आहे की वेलँडचं ते विचारावं, मग इलाज शोधावा.

नेटवर्कच्या बाजूला भांडण असतं ते मालकीचं, म्हणजे कार्ड कुणी सांभाळायचं याचं. पूर्वी नेटवर्क कार्डाचं नाव ‘ईटीएच०’ आणि सेटिंग हातानं फाइलीत. २००४ मध्ये रेड हॅटनं कनेक्शन आपोआप सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर आणला. डेबियनवर जुन्या इंटरफेसेस फाइलीत कार्डाचं नाव राहिलं असेल तर मॅनेजर त्याला हात लावत नाही, ‘अनमॅनेज्ड’ म्हणून सोडून देतो. जुनी ओळ काढली की तो ताबा घेतो. १.१.१.१ ला पिंग जातो पण साइट उघडत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. केबल बदलून फरक पडत नाही.

२०१३ मध्ये सिस्टिमडीनं (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) नेटवर्क कार्डांच्या नावांची पद्धत बदलली: ‘ईएनपी३एस०’ म्हणजे पीसीआय बस तीन, स्लॉट शून्य. शाहूपुरीतून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं की बसचे नंबर सरकू शकतात, तीनचा चार होतो. स्क्रीन छान दिसते आणि नेट बंद, कारण स्टॅटिक आयपी जुन्याच नावाला बांधलेला असतो. ‘आयपी ए’ कमांडनं नवं नाव पाहून घ्यावं, आणि कनेक्शन नावाऐवजी कार्डाच्या स्वतःच्या मॅक पत्त्याला बांधावं.